तुझ्या नावाचा पत्रा

कुंदे, पुलावरचे तुझे सगळे फोटो मी माझ्या हाताने उतरवले. पक्कड घेऊन एकेक तार तोडली. तेव्हा तुझा दहावाही झाला नव्हता. गावात त्यावरून दोन तट पडले. एक तट म्हणाला, यमुनेने मेलेल्या मैत्रिणीवर डाव साधला. दुसरा काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला, आणि मला तोच जास्त झोंबला. म्हणून लिहायला बसले आहे. तू शाळेत कितवी आलीस, कुठल्या नदीवर कोणते पूल बांधलेस, हे लिहिणारे पुष्कळ निघतील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलीस.

आधी आजाराचं घेऊ. दिवाळीनंतर तू माझ्या बोईसरच्या शेडमध्ये आलीस, उलट्या पिंपावर बसलीस आणि चहा अर्धा ठेवलास. मी म्हटलं, "वाळलीस की गं, दोरीवरच्या बोंबलासारखी." तू म्हणालीस, "वय झालं यमे, तुझं नाही झालं का?" मग माझं वजन, माझे गुडघे, माझी जीभ यावर अर्धा तास काढलास, आणि मी हसत बसले. तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मासे विकताना कल्ला उचलून बघितल्याशिवाय कुणाचा शब्द खरा न मानणारी मी, पुढे लोखंडाच्या धंद्यातही कुणाला फसवू दिलं नाही, आणि तू मला पालघरच्या दवाखान्यातून चकवून गेलीस. मी तुला माफ केलेलं नाही. मेलीस म्हणून सूट नाही.

तुला नेलं त्या दिवशीसुद्धा मी भांडले. स्मशान खाडीच्या पलीकडे, म्हणजे तुला न्यायचं ते तुझ्याच पुलावरून. दोन काठांवर दोन मनोरे, त्यांच्यावरून झुलत गेलेले जाड तारदोर, त्या दोरांना टांगलेली लोखंडी जाळीची वाट, डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बाया एकमेकींना ओलांडतील एवढी रुंद. नोकरी संपवून परत आल्यावर तू हा एकच पूल गावासाठी काढलास. ज्यांनी आयुष्यात नद्या ओलांडल्या त्यांना हा पूल म्हणजे खेळणं वाटायचं. तू म्हणायचीस, लांबी मीटरवर बघू नका, रुंदीच्या मानाने बघा, मग कळेल हा किती लांब आणि किती हलका आहे. बारीक काठी जशी लवते तसा हा लवणार.

तर तिरडी पुलाच्या तोंडाशी आली. लोक रामनाम घेत होते आणि नामाच्या तालावर सगळ्यांचे पाय एकसाथ पडत होते. मी आडवी गेले. "पाय जुळवू नका. थोडे-थोडे जण जा. नाम मनात घ्या."

गजाभाऊ, आपल्या पूल समितीचा अध्यक्ष, खालच्या आवाजात म्हणाला, "यमुताय, आज तरी गप ऱ्हा."

"तिनंच सांगितलंय. वरातीचा बँजो तिनं याच जागी बंद केला होता. आठवतंय का? तुज्याच पोराची वरात होती."

आठवत होतं त्याला. नवरदेव घोड्यावरून उतरून पायी पूल ओलांडून गेला होता, मागून वऱ्हाड दबक्या पावलांनी, जणू कुणाच्या घरात चोरी करायला चाललं आहे. तू उभी राहून समजावत होतीस की पूल जरासा बाजूला डुलला की माणसं नकळत त्या डुलण्यावर पाय टाकतात, आणि सगळ्यांचे पाय एका तालात आले की पूल जास्त डुलतो. एक म्हातारी म्हणाली होती, "म्हंजे पूलच नाचतो, आमी नाय नाचायचं." तू म्हणालीस, "बरोबर, आत्याबाई, दोघांनी एकदम नाचायचं नाही." त्या दिवशी तुझ्या तिरडीखालचे चौघे मात्र माझं ऐकून अडखळत, वेड्यावाकड्या पावलांनी गेले. तू वर हिंदकळत होतीस. मला वाटलं, एवढी अडाणी चाल बघून तुला बरं वाटलं असेल.

त्यानंतर चारच दिवसांत फ्लेक्स लागले. आपल्याकडे माणूस गेलं की पहिल्यांदा फ्लेक्सवाल्याला फोन जातो, मग नातेवाइकांना. तुझा तो चष्मा लावलेला हसरा फोटो, खाली हात जोडलेल्या समितीच्या लोकांचे फोटो, तुझ्याहून मोठे. एक-दोन लावले असते तर मी डोळे मिटले असते. त्यांनी पुलाचे दोन्ही कठडे या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकले. तुझ्या कठड्याची जाळी, जिच्यातून वारा आरपार जावा म्हणून तू माझ्याशी भांडली होतीस, ती तुझ्याच तोंडाने बंद झाली.

आणि दुसऱ्या सकाळी गजाभाऊ आणि तुझा भाऊ नरेश माझ्या शेडमध्ये आले. नरेशचं मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. गजाभाऊ म्हणाला, "यमुताय, फ्लेक्स काय टिकायचा नाय. पावसात फाटंल. ताईचं नाव कायमचं लागाया पायजे. दोनी बाजूनं पत्रा मारू, कमरेच्या वरपर्यंत, सगळ्या पुलाला. निळा रंग. वर पांढऱ्या अक्षरात, कुंदाताई सेतू. तू बनव. तुजी मैतरीन, मान तुजा."

मी ग्राइंडर बंद करायला सांगितलं. माझा जुना वेल्डर रामआसरे मागून पत्र्याचं माप विचारत होता, "मॅडम, चद्दर का नाप कितना लेना है?" मी त्याला म्हटलं, चाय पी के आ.

कुंदे, तुला कळतंय ना त्यांनी माझ्याकडे काय मागितलं? जो पत्रा तू मला लावू दिला नव्हतास, तोच. निळाच.

पूल उभा राहत होता तेव्हा कठड्याचं काम माझ्याकडे होतं. मी मुद्दाम बाजूने पत्रे बनवले, कारण मला आपल्या बायांची दशा ठाऊक होती. डोक्यावर ओल्या माशाची पाटी, दोन्ही हात वर, आणि पश्चिमेचा खारा वारा कुशीवर. तू शिकायला गेलीस, मी त्या वाऱ्यात वर्षं काढली. म्हणून पत्रा. आणि तू आलीस, पत्र्यावर नुसतं बोट ठेवलंस आणि सगळ्या गावासमोर म्हणालीस, "हे लागणार नाही. परत ने." मला बाजूला घेतलं नाहीस. माझ्या कामगारांसमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. मी पत्रे परत नेले आणि त्यांचं शेडला छप्पर केलं. त्या दिवसापासून पाऊस पडला की मी ते छप्पर ऐकते आणि तुझा राग करते.

पुढे मी तुला विचारलंही, चारचौघांत का? तू म्हणालीस, "पूल चारचौघांचा आहे, म्हणून." किती तयार उत्तर. आणि जी गोष्ट फक्त मला बाजूला घेऊन सांगायची होती, ती मात्र कुणालाच सांगितली नाहीस.

पण का लागणार नाही, ते तू मला समजावलंस, एवढं मी कबूल करते. नवापूरहून बोईसरला माझ्या टेंपोतून येत होतो. मी खिडकीशी, तू मध्ये. तू म्हणालीस, "हात बाहेर काढ. तळवा खाली, सपाट."

"हात तुटंल."

"तुटू दे, दुसरा आहे. आता अंगठ्याची कड जराशी वर कर."

कड वर केली आणि हात कुणी तरी खालून उचलावा तसा वर गेला. खाली वळवला तर दाबला गेला. मी दोन-तीनदा करून बघितलं, लहान पोरीसारखं.

"वारा तेवढाच आहे ना?" तू म्हणालीस. "तुझा हात वळला म्हणून त्याने उचलला. लोक समजतात, वारा पुलाला झोपाळ्यासारखा ढकलतो. ढकलतोसुद्धा. बंद बाजूवर आपटला की तो वरून खालून वळसा घेतो आणि मागे भोवरे सोडतो, एक वर, एक खाली, वल्ह्यामागे पाण्यात पडतात तसे. त्या भोवऱ्यांचा ताल पुलाच्या तालाशी जुळला की पूल वरखाली व्हायला लागतो. पण त्याहून वाईट पुढे आहे. पूल एकदा पिळवटायला लागला की तो तुझ्या हातासारखा वागतो. वळतो, म्हणून वाऱ्याकडून जास्त घेतो. जास्त घेतो, म्हणून आणखी वळतो. तिथे ताल धरून ढकलणारा कुणी लागत नाही."

मी म्हटलं, "आमच्या गिऱ्हाइकासारखं. जरा सोडलं की आणखी मागतं."

"अगदी. म्हणून पहिलंच सोडायचं नाही."

मग फोनवर तू मला परदेशातल्या एका मोठ्या पुलाची जुनी चित्रफीत दाखवलीस. ओलं लुगडं पिळावं तसा पूल पिळवटत होता आणि शेवटी मधला भाग पाण्यात गेला. मी म्हटलं, केवढं वादळ असेल. तू म्हणालीस, "वादळ नव्हतं, यमे. वारा होता. आणि त्याच्या दोन्ही बाजू भरीव पोलादाच्या होत्या. तुझ्या पत्र्यासारख्या."

तर हे सगळं माझ्या पोटात होतं, आणि समोर गजाभाऊ निळा रंग मागत होता. मी म्हटलं, "पत्रा लागनार नाय. फ्लेक्स पन उतरवा. आज."

नरेश एकदम म्हणाला, "तुला त्या पत्र्याचा राग हाय अजून. तवा ताईनं तुजा पत्रा लावला नाय, म्हनून तू आता तिचं नाव लागू देत नाय."

कुंदे, माझ्या हातात त्या वेळी पाना होता. तो मी खाली ठेवला, हे देवाने बघितलं असेल. राग आहेच. तो तुझ्या-माझ्यातला आहे, त्यात नरेशचं काय काम? मी म्हटलं, "राग हाय. आनि पत्रा बी लागनार नाय. दोनी खरं हाय."

"मग आमी बोईसरात दुसऱ्याकडून बनवू," गजाभाऊ म्हणाला. "शेडी काय कमी हायत?"

इथे मला सौदा करावा लागला. तू असतीस तर कागद उलगडून बसली असतीस. मी मासेवाली, मला माल दाखवल्याशिवाय विकता येत नाही. मी म्हटलं, "फ्लेक्स हायत तसे ठेवा. संध्याकाळी तुमी दोघं आनि मी, पुलाच्या मधोमध. दुसरं कुनी पुलावर नाय. पूल हालला नाय तर पत्रा मी लावीन, रंगासकट, नावासकट. हालला तर फ्लेक्स मी उतरवीन आनि कुनी आडवं यायचं नाय."

गजाभाऊ हसला. "वारा तुज्या बापाचा हाय काय, बोलावशील तवा यायला?"

पहिल्या संध्याकाळी वारा मोठा होता, पण तुटक. भस्सकन येई, थांबे, दिशा बदले. फ्लेक्स फडफडून कानठळ्या बसल्या, पूल थरथरला, पण ज्याला मी हलणं म्हणते ते झालं नाही. आम्ही परत आलो तेव्हा काठावर हशा झाला. कुणी तरी म्हणालं, "यमुताय, एवढ्या वाऱ्यात नाय हालला, आता काय तुफान आनतेस?" मी म्हटलं, तुफान नको, मला सरळ वारा पाहिजे. त्यावर तर आणखी हसले. जोराच्या वाऱ्यापेक्षा एकसारखा वारा वाईट, हे मी तुझ्याकडून शिकले म्हणून मला पटतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खारा वारा धरला. मध्यम, एकसुरी, समुद्रावरून सरळ खाडीत शिरणारा. होडीवाल्यांना आवडतो तसा. पलीकडच्या तोंडाशी मी शेडमधला एक पोरगा आणि अलीकडे रामआसरेला उभं केलं, कुणाला सोडू नको म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, आज भी नहीं हिला तो?" मी म्हटलं, तो चद्दर काटना.

मधोमध जाऊन उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. गजाभाऊने तंबाखू मळायला घेतली. मग मला गुडघ्यात कळलं. होडी नांगरावर असताना पाय जसे न सांगता वाकतात, तसे वाकायला लागले. नरेशचेही वाकत होते, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, मी कठड्याकडे. कठड्याची ओळ लांबवर हळू वर चढत होती, हळू उतरत होती, पुन्हा चढत होती. दर वेळी थोडी जास्त. गजाभाऊची तंबाखू खाली सांडली.

"ही तर भरतीतली होडी झाली रं," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. त्याच्या हाताखाली तुझाच फोटो होता.

मी म्हटलं, "वारा बघ नऱ्या. कालच्यापेक्षा कमी हाय का जास्त?"

त्याने खाली पाण्याकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे. मी पक्कड काढली आणि मधल्या फ्लेक्सपासून तारा तोडायला लागले. पहिल्या दोन तारांवर पक्कड घसरली, खोटं कशाला सांगू. नरेश ओरडला, "फाडू नको. नीट सोड." मी नीट सोडत गेले, तो एकेक गुंडाळून छातीशी धरत गेला. मधला भाग मोकळा झाला तसं पुलाचं चढणं-उतरणं कमी होत गेलं, आणि निम्मे निघाले तेव्हा पाय पुन्हा जमिनीवरच्यासारखे उभे राहिले. मला तुझा इतका राग आला, कुंदे. एवढं सगळं खरं निघालं आणि तोंडावर सांगायला तू नाहीस. मी काय म्हणाले असते ते मलाही माहीत नाही. शाबास म्हणाले नसते.

पण काठावर आल्यावर गजाभाऊने काय सांगितलं, ऐक. "फ्लेक्स फडफडतो म्हनून पूल हालला. पत्रा घट्ट असतो, त्यो नाय फडफडायचा. पत्राच पायजे." लोकांना ते पटलं. ऐकायला बरोबरच वाटतं ते. मी घसा फोडून सांगत होते, फडफडीचा काही संबंध नाही, बाजू बंद झाली म्हणून हललं, फ्लेक्स फाटला तर वाऱ्याला वाट तरी होते, पत्रा तर फाटायचाही नाही, मग सुटका कुठली? तर म्हणाले, यमुना जुना राग काढते. नरेशकडे सगळ्यांनी बघितलं. घरचा माणूस तो. तो फ्लेक्सची गुंडाळी घेऊन घरी निघून गेला.

तुझं तेरावं झालं. मी जेवायला आले, मला पंगतीत कडेला बसवलं. मी कडेला बसून दोन वेळा भात मागितला. मीच का उठावं?

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. दुसऱ्या शेडमधला पत्रा, पहिला तुकडा, रंग देऊन तयार. माझ्या निळ्यापेक्षा भडक. वर तुझं नाव पांढऱ्यात. गजाभाऊने नारळ आणला होता आणि तो नरेशच्या हातात दिला. मी पुलाच्या तोंडाशी उभी राहिले, पाय रोवून. समितीतल्या दोघांनी मला हाताला धरून बाजूला करायचं ठरवलं होतं, ते मला दिसत होतं. मी मनात ठरवलं होतं की पहिल्याला चावायचं.

नरेशने नारळ परत गजाभाऊच्या हातात ठेवला.

"पत्रा ने परत," तो म्हणाला.

"आरं, तुज्या ताईचं नाव हाय त्याच्यावर."

"नाव हाय म्हनून तर. त्या दिवशी वर-खाली होत होतो तवा मला वाटलं, ताईच्या फोटोनं आमी मरनार. माज्या पोरी ह्याच पुलावरनं शाळेत जातात. उद्या काय झालं तर लोक म्हनतील, कुंदाताई सेतू पडला." आणि मग माझ्याकडे न बघता, "यमुतायचा राग यमुतायकडं. पूल ताईचा हाय."

गजाभाऊ मुरलेला माणूस. त्याने लगेच माघार घेतली आणि दुसरीकडून आला. "बरं. पत्रा नको तर नको. पन येत्या रविवारी आमदार सायबांचा वाढदिवस हाय, त्यांचे फ्लेक्स तर लागनारच. दोन दिवसांचा सवाल हाय. छापून आल्यात."

"माज्या बहिनीचा उतरवलाय," नरेश म्हणाला. "तुज्या सायबाचा काय ठेवू?"

कुणी तरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. पत्रा टेंपोत परत चढला. तुझं नाव असलेला तो तुकडा जाताना उन्हात चमकला, आणि मला एक क्षण वाईट वाटलं. एकच क्षण.

तुझं नाव पुलावर कुठे नाही, कुंदे. मनोऱ्यावर नाही, पायरीवर नाही. एक लहान पाटी तरी, असं दोघे-तिघे म्हणाले, मी तीही होऊ दिली नाही, कारण लहान पाटीशेजारी मोठी यायला वेळ लागत नाही. तुझे ते फ्लेक्स नरेशने होडीच्या इंजिनावर पांघरलेत. तू हसत वर बघतेस. चांगल्या मालाचे आहेत, दोन पावसाळे जातील.

काल गुडघ्यांचं ऐकलं नाही आणि भाचीची पाटी डोक्यावर घेऊन मी पूल ओलांडला. मधोमध खाऱ्या वाऱ्याने कुशीवर असा रट्टा दिला की पाटी वाकडी झाली, पदर तोंडावर आला आणि हलव्याचे दोन मासे जाळीवर पडले. मी तिथेच उभी राहून तुला मोठ्याने शिवी दिली. पाय मात्र जागचे हलले नाहीत, पूलही हलला नाही. मासे उचलले, पाटी सरळ केली आणि पलीकडे गेले.